ताप उतरल्यावर हृदयाला येणारी सूज

विषाणूजन्य तापानंतर काही रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. या आजाराला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी, पार्व्हो, इन्फ्लुएंझा, करोना असे अनेक विषाणू त्याला कारण ठरतात. पावसाळ्यात चारकोप, मालाड, बोरिवलीकडे डोके वर काढणारा डेंग्यूही त्यांत आहे. विषाणू स्नायूपेशींना इजा करतो आणि त्याच्याशी झुंजताना शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या इजेत भर घालते. त्यामुळे पुष्कळदा ताप गेल्यावर, घरच्यांना हायसे वाटत असतानाच लक्षणे दिसू लागतात: छातीत दुखणे, धडधड, चक्कर, कांदिवली स्टेशनचा रोजचा जिना चढताना लागणारी धाप. डेंग्यूत नाडी मंदही होते. बहुतेकांची ती आपोआप पूर्ववत होते.

मुंबईकरांना या दाहाचे एक गंभीर रूप २०२० साली दिसले. करोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ताप, पुरळ, लाल डोळे आणि हृदयाचे घटलेले पंपिंग घेऊन मुले परळच्या वाडिया बालरुग्णालयात येऊ लागली. अशा आजारात इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड दिल्यावर बहुतेक मुलांचे पंपिंग सुधारते.

प्रौढांचे भाकीत अधिक अवघड. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१३ च्या निवेदनानुसार सुमारे निम्मे रुग्ण दोन ते चार आठवड्यांत बरे होतात, साधारण चौथ्या हिश्शाचे पंपिंग कमीच राहते आणि १२ ते २५ टक्के रुग्ण झपाट्याने खालावून दगावतात किंवा त्यांचे हृदय कायमचे दुबळे होते. कोण कोणत्या गटात जाईल, हे पहिल्या दिवशी कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्तचाचणी इजा दाखवतात, टू-डी एको पंपिंग मोजतो. स्नायूत व्रण उरला का, हे मात्र एमआरआयमध्ये कळते. व्रण उरला असेल, तर एको नॉर्मल येऊनही पुढे ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका राहतो.

भीतीही प्रमाणातच हवी. २०२० मध्ये फ्रँकफर्टच्या संशोधकांना करोनातून उठलेल्या १०० पैकी ७८ जणांच्या एमआरआयमध्ये दोष आढळले आणि जगभर घबराट पसरली. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी निघाले. बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस याला जानेवारी २०२२ मध्ये करोनानंतर हाच आजार झाला आणि एप्रिलमध्ये तो मैदानात परतला. त्या मधल्या काळात त्याने विश्रांती घेतली, हे विसरू नये.

सुजलेल्या हृदयावर श्रमाचा ताण पडला, तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. दहीहंडीच्या थरांचा सराव नेमका डेंग्यूच्या दिवसांतच असतो. निदान झालेल्या तरुणाने तीन ते सहा महिने थर, जिम, धावणे आणि क्रिकेट बंद ठेवावे आणि एको, होल्टर (दिवसभराच्या ठोक्यांची नोंद) व स्ट्रेस टेस्ट पाहून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच पुन्हा सुरुवात करावी.