वंशावळीतली प्रत्येक रेघ हा एक दावा असतो

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींना मी एक काम देते. कोरा कागद घ्या आणि स्वतःच्या घराण्याची वंशावळ काढा. खाली तुम्ही, वर आईबाबा, त्याच्या वर जमेल तितकं. बहुतेकांची गाडी पणजोबांपाशी येऊन थांबते. मग मी दुसरा प्रश्न विचारते: या कागदावरची प्रत्येक रेघ तुम्ही कशावरून काढली?

इथे सगळे गप्प होतात. मीही झाले होते.

'अमुक हा तमुकचा मुलगा' हे वाक्य दिसायला साधी माहिती वाटते, पण तो एक दावा आहे. आणि दावा केला की दोन गोष्टी सांगाव्या लागतात: नेमकं काय म्हणायचं आहे, आणि त्याला पुरावा काय. संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये आपण हेच पाठ करतो. आज ते वंशावळीवर करून बघू.

एक रेघ, तीन अर्थ

सुरुवात आपल्या वर्धेतल्याच एका घराण्यापासून करू, कारण त्यांची माहिती सर्वांसमोर आहे. जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. वर्ध्याचे व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतलं आणि जमनालाल वर्ध्याचे झाले. पुढे गांधीजींनी त्यांना आपला पाचवा मुलगा मानलं. हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास हे आधीचे चार.

आता सांगा, जमनालालांच्या वर रेघ कुणाकडे काढायची? रक्ताच्या नात्याने ती कनीरामांकडे जाते. वारसा आणि पेढी पाहिली तर बच्छराजांकडे जाते. मानलेल्या नात्याचा विचार केला तर गांधीजींकडे. तिन्ही रेघा खऱ्या आहेत, फक्त त्या तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आपण तिन्ही एकाच पेनाने, एकाच जाडीची रेघ मारून काढतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वाटेल, डीएनए तपासला की प्रश्न मिटला. नाही मिटत. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जातं, म्हणून जमनालालांचा तो धागा मागे नेला तर आपण काशी का बासला पोचू, बच्छराजांच्या घरी नाही. डीएनए चुकला का? अजिबात नाही. त्याने त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. वर्ध्याची पेढी कुणाच्या वारशाने कुणाकडे आली, हा प्रश्न त्याला कळतच नाही.

आणखी एक गोष्ट. या घराण्याच्या गोष्टीत आपल्याला कमलनयन, रामकृष्ण, मग राहुल अशी मुलांची साखळी आठवते. पण जमनालाल आणि जानकीदेवींना मुलीही होत्या: कमला, मदालसा, उमा. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढच्या पिढीत जातो तो फक्त मुलींमधून. म्हणजे जानकीदेवींचा हा धागा शोधायचा तर नेमक्या त्याच रेघा लागतील, ज्या आपण काढतच नाही. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. आपल्या नेहमीच्या वंशावळीत त्यातली एकच जागा भरलेली असते.

कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला

पण आपल्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांवर कुणी चरित्र लिहिलेलं नाही. मग काय?

थोडी पार्श्वभूमी लागेल. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा केला. सरकारला सारा हवा होता, म्हणून जमाबंदी झाली, गावागावांत मालगुजार ठरले. ही पद्धत १९५१ मध्ये संपली. या सगळ्यातून जे कागद तयार झाले ते तुमच्या पणजोबांची आठवण राहावी म्हणून नव्हे, सारा कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून. त्यामुळे जमीन कसणारा त्यात सापडतो. मालगुजाराकडे राबणारा भूमिहीन सालदार सहसा सापडत नाही.

सालदार शोधायचा तर दुसरे कागद पाहावे लागतात. एक म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल त्यात जन्म-मृत्यू नोंदवायचा. पण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बरेचदा नसतंच, 'अमुक वल्द तमुक यास मुलगा' एवढंच असतं. दुसरा शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर. त्यात नाव मिळतं, पण जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै दिसली तर सावध व्हा, ती गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असू शकते. तिसरा फेरफार. खातेदार फौत झाला की वारसांची नावं त्यात चढतात.

फेरफार वाचताना एक गंमत दिसेल, खरं तर गंमत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर मुलींची नावं वारस म्हणून येऊ लागली, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. पण कित्येकदा मुलीचं नाव एका फेरफारात चढतं आणि पुढच्याच फेरफारात हक्कसोड करून उतरतं. हक्क सोडताना का होईना, कागदावर ती दिसते. वंशावळीसाठी तो मोलाचा पुरावा आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत आपलं घराणं शोधणारे लोक जनगणनेवर फार अवलंबून असतात. तिथे ७२ वर्षांनी घरोघरची मूळ यादी लोकांसाठी खुली होते, १९५० ची यादी २०२२ मध्ये खुली झाली. पण १८५० आणि १८६० च्या यादीत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढीच आहे, बहुतेकांची नावंच लिहिलेली नाहीत. अशा कुटुंबांच्या शोधाला तिथे भिंत लागते. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे व्यक्तीची नोंद गोपनीय असते, त्यामुळे तो रस्ताच नाही. पण धडा तोच: कागदात माणूस नाही म्हणजे गावात माणूस नव्हता, असं होत नाही.

माझी चूक

आता माझी गोष्ट. नावं बदलते आहे. धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी जात वैधतेचे कागद जमवायचे होते, आणि संशोधन करते म्हणून काम माझ्याकडे आलं. पणजोबांचं नाव महादेव वल्द गणपत. कोतवाल बुकात आमच्याच गावात, आमच्याच आडनावाचा महादेव वल्द गणपत सापडला, जातीच्या रकान्यासकट. मी खूश! वंशावळ तयार करून टाकली.

मग लक्षात आलं की ती नोंद मृत्यूची आहे आणि साल १९१८. आमचे आजोबा जन्मले १९२३ ला. माझी पहिली प्रतिक्रिया काय होती माहीत आहे? 'कोतवालाने साल चुकीचं लिहिलं असेल.' हे वाक्य नीट वाचा. पुरावा माझ्या निष्कर्षात बसत नव्हता, तर मी पुराव्यालाच चूक ठरवायला निघाले होते. प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं.

कोडं सोडवलं आजीने. मी तिला विचारलं, 'तुझ्या सासूचं नाव काय होतं?' ती म्हणाली, 'पार्वती. पण आजवर कोणी विचारलं नाही मले.' मग फेरफारात शोधलं तर १९४० च्या दशकातली नोंद मिळाली: महादेव फौत, वारस पार्वती बेवा महादेव, आणि खाली आजोबांचं नाव. गावात एका आडनावाची दोन घरं होती आणि दोन्हीकडे गणपतचा मुलगा महादेव होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वर्षी गेलेला महादेव दुसऱ्या घरचा.

दोन महादेव वेगळे करणारी खूण होती एका बाईचं नाव. आणि माझ्या सुबक वंशावळीत बायकांसाठी रकानाच नव्हता.

तुम्ही काय कराल

पहिलं, कागदांआधी माणसांकडे जा. आजी-आजोबांना नावंच नाही, तर माहेर, शेताचं नाव, साथ, दुष्काळ, लग्नाची सालं विचारा. कागद पुढच्या वर्षीही मिळतील.

दुसरं, खालून वर चला. आपल्यापासून एक एक पायरी मागे. मोठं नाव दिसलं म्हणून वरून उडी मारून खाली येऊ नका.

तिसरं, नाव जुळणं म्हणजे माणूस जुळणं नव्हे. नावासोबत वडील, गाव, गट किंवा खसरा नंबर, बायको यातल्या किमान दोन गोष्टी वेगवेगळ्या कागदांतून जुळू द्या. एका नोंदीवरून उतरवलेली दुसरी नोंद हा दुसरा पुरावा नाही.

चौथं, रेघेवर लिहा: जन्माने, दत्तक, की ऐकीव. ऐकीव असेल तर तुटक रेघ काढा. तुटक रेघ काढण्यात कमीपणा काहीच नाही.

पाचवं, न जुळणारी नोंद फेकू नका. वेगळ्या पानावर तारखेसह ठेवा.

हे एवढं जपायचं कशाला? जात वैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे मागतात, आणि सोबतची वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. म्हणजे प्रत्येक रेघेची तुम्ही शपथ घेता. माझ्या पहिल्या वंशावळीवर बाबांनी सही केली असती, तर त्यांनी दुसऱ्याच्या आजोबांची शपथ घेतली असती, आणि भावाचा प्रवेश त्या शपथेवर टांगलेला राहिला असता.

आज संध्याकाळी घरी फोन करा. आजीच्या सासूचं नाव विचारा आणि कागदावर पहिली जागा तिला द्या.