सुईविना निदान

गाठीचा तुकडा सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि मगच कर्करोगाचे निदान करायचे, ही बहुतेक अवयवांच्या बाबतीतली रीत आहे. यकृताचा कर्करोग मात्र पुष्कळदा एमआरआयच्या चित्रांवरूनच ठरवतात. पण सर्वांच्या बाबतीत नव्हे. असे का?

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल नीलेतून येते, उरलेले रोहिणीतून. यकृताच्या पेशींत उद्भवणारा कर्करोग वाढू लागला, की त्याचे पोषण मुख्यतः रोहिणीच्या रक्तावर होऊ लागते. निदान या फरकावर आधारलेले आहे.

तपासणीच्या वेळी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचे संयुग टोचतात. ते जेथे पोचते तो भाग चित्रात उजळतो. सुमारे अर्ध्या मिनिटाने ते रोहिणीतून यकृतात येते. तेव्हा गाठ उजळते, भोवतालचे यकृत मंदच असते. आणखी अर्ध्या मिनिटाने पोर्टल नीलेतून संयुग येते आणि यकृत उजळते. गाठ आता भोवतालापेक्षा काळसर दिसते.

अशा खुणांवरून गाठींचे वर्ग पाडण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०११ साली 'लाय-रॅड्स' ही पद्धत आणली. पहिल्या वर्गातली गाठ निश्चितपणे निरुपद्रवी, तर पाचव्या वर्गातली निश्चितपणे यकृतपेशींचा कर्करोग मानतात. १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ पाचव्या वर्गात घालत नाहीत. ही पद्धत फक्त अधिक धोका असलेल्या प्रौढांसाठी आहे: ज्यांना सिऱ्होसिस, म्हणजे चट्टे पडून यकृत कठीण होण्याचा विकार आहे, जुनाट हिपॅटायटिस-बी आहे, किंवा हा कर्करोग पूर्वी झालेला आहे.

इतरांना ती का चालत नाही? सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. समजा, ही खूण कर्करोगाच्या १०० गाठींपैकी ६० गाठींत आणि इतर १०० गाठींपैकी ४ गाठींत दिसते. अधिक धोक्याच्या गटातल्या १००० गाठींपैकी ५०० कर्करोगाच्या असतील, तर खूण दिसलेल्या ३२० गाठींपैकी ३०० कर्करोगाच्या निघतील. निरोगी यकृतातल्या १००० गाठींत कर्करोगाच्या फक्त १० असतील, तर खूण सुमारे ४६ गाठींत दिसेल आणि त्यांतल्या जेमतेम ६ कर्करोगाच्या असतील! बाकीच्या चाळीस जणांवर विनाकारण शस्त्रक्रियेची वेळ येईल. म्हणून त्यांच्या बाबतीत तुकडा तपासण्याची गरज पडू शकते.

उलट, सिऱ्होसिसच्या रुग्णाचे रक्त नीट गोठेलच असे नसते. सुई टोचल्याने रक्तस्राव होण्याचा, क्वचित सुईच्या मार्गात कर्करोगाच्या पेशी रुजण्याचाही धोका असतो. तो येथे टळतो.

विद्यार्थ्यांकडून हाच हिशेब ५०० ऐवजी १०० गाठी कर्करोगाच्या धरून करून घ्यावा. खूण दिसलेल्या ९६ गाठींपैकी ६० कर्करोगाच्या येतील. एवढ्यावर सुई टाळावी का, याची चर्चा वर्गात जरूर व्हावी.