अमानत म्हणून लाभलेली सृष्टी

नमाजापूर्वी हात, तोंड व पाय धुण्याचा जो विधी असतो त्यास ‘वजू’ म्हणतात, हे मुसलमान शेजार लाभलेल्या आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक असते. त्या विधीस पाणी किती लागावे याचाही धर्मग्रंथांत विचार झालेला आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी आलेली नसते. महंमद पैगंबर एक ‘मुद’ पाण्यात वजू उरकीत, अशी नोंद हदीसच्या संग्रहांत आहे. मुद म्हणजे जेमतेम ओंजळभर धान्याचे जुने माप. आजच्या हिशेबाने पाऊण लिटरहूनही थोडे कमीच. स्नानास चार-पाच मुद पुरत. साद नावाचे त्यांचे एक अनुयायी वजू करताना सढळ हाताने पाणी वापरीत होते, तेव्हा पैगंबरांनी त्यांस हटकले. धर्मविधीतही उधळपट्टी होते काय, असे सादांनी विचारले असता, वाहत्या नदीच्या काठी बसला असलात तरीही होते, अशा आशयाचे उत्तर त्यांस मिळाले.

वाळवंटात राहणाऱ्याने पाणी जपून वापरावे यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु या कथेचा रोख टंचाईवर नाही. नदीत पाणी अमाप आहे; दोन ओंजळी अधिक घेतल्याने ती आटणार नाही. तरीही उधळपट्टी ती उधळपट्टीच, कारण ते पाणी घेणाऱ्याच्या मालकीचे नव्हे. इस्लामचा सृष्टीविषयक सारा विचार या एका मुद्द्यावर उभा आहे, असे मला वाटते.

कुराणाच्या शिकवणुकीप्रमाणे सृष्टीचा धनी एक ईश्वर. मनुष्य हा पृथ्वीवरील त्याचा ‘खलिफा’, म्हणजे प्रतिनिधी. त्याच्या हाती जे आहे ती ‘अमानत’. हा शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. दुसरा शब्द ‘मीजान’, म्हणजे तराजू. ईश्वराने विश्वात जो तोल राखला आहे तो मनुष्याने बिघडवू नये, अशी ‘रहमान’ या अध्यायातील आज्ञा आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांनी पटवाऱ्याच्या जुन्या कागदांत बेरजेच्या ओळीवर हाच शब्द पाहिला असेल. तराजू आणि बेरीज! कयामतीच्या दिवशी हिशेब द्यावयाचा आहे ही भावना ज्या धर्मात इतकी तीव्र, तेथे निसर्गाशी वागण्याचाही हिशेब ठेवला जाणार हे ओघानेच आले.

म्हणूनच यातील कित्येक गोष्टी नुसत्या सद्भावनेच्या पातळीवर न राहता नियमांच्या रूपाने आढळतात. साचलेल्या पाण्यात, रस्त्यात व लोक जेथे सावलीस बसतात तेथे मलमूत्रविसर्जन करू नये. मक्केच्या पवित्र हद्दीत शिकार करू नये, आपोआप उगवलेले झाड तोडू नये. पाणी, चारा व अग्नी या तीन गोष्टींत सर्व लोक भागीदार आहेत. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पशूने वा पाखराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावावर दानधर्म म्हणून जमा होते. आणि हाती रोप असताना कयामत येऊन ठेपली तरी, शक्य असल्यास, ते लावून टाकावे. दमास्कसचे तेराव्या शतकातील धर्मशास्त्री इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर जनावरांचे त्यांच्या मालकांवरील हक्कच नमूद करून ठेवले. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याला खाऊपिऊ घातलेच पाहिजे, हा त्यांतला एक. भाकड गाय दारातून घालविणाऱ्यांनी हा नियम वाचण्यासारखा आहे.

या सर्वांत विलक्षण संस्था ‘हिमा’ ही होय. हिमा म्हणजे राखीव कुरण. इस्लामपूर्व अरबस्तानात बलाढ्य टोळीप्रमुख उत्तम कुरणे स्वतःसाठी राखून ठेवीत व दुबळ्यांची जनावरे उपाशी मरत. पैगंबरांनी ही चाल मोडली आणि हिमा राखावयाचीच तर ती सार्वजनिक कार्यासाठी, असा दंडक घातला. पुढे खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत (इ. स. ६३४ ते ६४४) रबजा येथील कुरणावर हुनय नावाचा राखणदार नेमण्यात आला. त्यास उमर यांनी दिलेली ताकीद बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. ज्यांच्यापाशी मोजकेच उंट वा मोजक्याच मेंढ्या आहेत त्यांस आत येऊ दे. मात्र अब्दुर्रहमान इब्न औफ व उस्मान इब्न अफ्फान यांची जनावरे आत घेऊ नकोस, असा तिचा मथितार्थ. हे दोघे कोणी सामान्य गृहस्थ नव्हते. दोघेही पैगंबरांचे निकटवर्ती व धनाढ्य व्यापारी. त्यांतले उस्मान तर पुढे स्वतः खलिफा झाले. त्यांचे कळप मेले तरी त्यांना बागायती आहे, शेती आहे. गरिबाची जनावरे मेली तर तो मुलेबाळे घेऊन माझ्या दारी येईल, हे उमर यांचे कारण. गवत राखणे आणि गरिबाला राखणे या दोन गोष्टी येथे एकच झालेल्या आहेत.

अशा हिमा अरबस्तानात शतकानुशतके टिकल्या. १९५० च्या दशकात सौदी सरकारने टोळ्यांचे कुरणांवरील विशेष हक्क काढून घेतले व ती सर्वांस मोकळी केली. हेतू समतेचा असेल. परंतु राखणारा नाहीसा होताच बेसुमार चराई होऊन पुष्कळ कुरणे उजाड झाली. पवित्र ग्रंथ तोच, भूमी तीच, पण व्यवस्था मोडली की नुसत्या वचनाने गवत उगवत नाही.

आपल्या बाजूस ही कर्तव्यबुद्धी पाण्याच्या रूपाने दिसते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्कीवर सहलीस जाऊन आलेले वाचक पुष्कळ असतील. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी आणले गेले, आणि त्याच पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्याने यात्रेकरू व फकिरांसाठी दळण होई. बऱ्हाणपूरचा १६१५ च्या सुमाराचा, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळातील कुंडी भंडारा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अलीकडे जाहीरनामेही पुष्कळ निघाले. १९८६ साली इटलीतील असिसी येथे इतर धर्मांबरोबर इस्लामच्या वतीनेही निसर्गरक्षणाचे निवेदन झाले. २०१४ साली इंडोनेशियातील उलेमा परिषदेने दुर्मीळ प्राण्यांच्या रक्षणासाठी फतवा काढला. २०१५ साली इस्तंबूलहून हवामानाविषयी घोषणा झाली. जाहीरनाम्यांचे मोल मी कमी लेखीत नाही, पण त्यांची कसोटी खरी लागते ती एखाद्या गरीब वस्तीत.

अशी एक जागा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आहे. झांजिबारच्या द्वीपसमूहातील पेंबा बेटाजवळ मिसाली नावाचे लहानसे बेट आहे. तेथे स्थायी वस्ती नाही. परंतु पेंबाच्या गावांतील हजाराहून अधिक कोळी त्याच्या भोवतीच्या प्रवाळांत मासे धरतात. हे लोक बहुतेक सर्व मुसलमान. लोककथा अशी की, हजरत खिज्र तेथे आले असता त्यांनी नमाजासाठी चटई मागितली. ती कोणापाशी नव्हती, तेव्हा मक्केकडे तोंड केलेले हे बेटच माझी चटई, असे ते म्हणाले. चटईस त्यांच्या भाषेत ‘मसाला’ म्हणतात, त्यावरून मिसाली. या पवित्र मानलेल्या पाण्यातही सुरुंगाची दारू फोडून मासे मारण्याची रीत शिरली होती. एका स्फोटात पिलांसकट सारे मासे मरतात, आणि प्रवाळ फुटले की मासळीचे घरच जाते. १९९८ साली बेट संरक्षित ठरले, एक भाग मासेमारीस सर्वस्वी बंद झाला. सरकारी नियमांना कोळी फारसे जुमानीनात. तेव्हा मशिदींतील इमाम व शिक्षक यांच्यामार्फत खलिफा, अमानत, मीजान या शब्दांनी बोलावयास आरंभ झाला. सरकारचा कायदा मोडणे सोपे आहे, ईश्वराचा नाही, अशा अर्थाचे एका कोळ्याचे उद्गार तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी उद्धृत झाले आहेत.

कोळ्याला रात्री घरी मासळी न्यावयाची असते, हे त्या इमामांनाही ठाऊक होते. त्यांनी मासेमारी बंद करावयास सांगितले नाही. उद्याच्या मासळीत ज्यांचा वाटा आहे त्या मुलांचे नाव काढले. बेटावरचे पहारे तरीही उठले नाहीत. उमर यांनी रबजाच्या कुरणावर केवळ वचन ठेवले नव्हते, हुनयही ठेवला होता.