कंबरेचा फोटो, दोन बाजूंनी

सकाळी 8.00
नांदेडची डॉक्टर लेन. शटर वर जातं. टेक्निशियन यूपीएस चालू करतो, मग रिकाम्या टेबलावर कमी ताकदीचे दोन-तीन शॉट मारून एक्स-रेची ट्यूब गरम करतो. खिशाला टीएलडी बॅज लावतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यात नोंदलं जातं; दर तीन महिन्यांनी बॅज तपासणीला जातो. पगार 18 हजार. हाताखालच्या पोराला 9 हजार. शिशाचा एप्रन चार-पाच किलोंचा. टेक्निशियनचीही कंबर धरते. स्वतःचा फोटो मात्र त्याने एकदाही काढलेला नाही.

9.15
लोह्याकडच्या मावशी. वय पंचावन्नच्या आसपास. सोयाबीन काढणीला जातात, रोज 300. एसटीला अर्धं तिकीट लागलं. दोन बाजूंच्या फोटोचे 600, म्हणजे दोन रोज गेले. हातातल्या पिशवीत तीन वर्षांचे जुने फोटो. "गॅप हाय म्हणले डॉक्टर. वाढला का बघाया लावलंय."

कमरेची किल्ली, पदराची पिन, चंची, सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायचं. आधी उताणं. मग डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. ही कूस बदलणंच त्यांना सगळ्यात जड जातं. पोरगा खांद्याला आधार देतो. टेक्निशियन बोटांनी कमरेचं हाड चाचपतो आणि दिव्याची फुली तिथे आणतो. काचेमागून आवाज येतो, "मावशी, श्वास सोडा. धरा. हलू नका." खट्. "घ्या श्वास."

पडद्यावर कमरेचे पाच मणके. कडांना चोची फुटलेल्या, चौथ्या-पाचव्यामधली जागा कमी झालेली. तो जुना फोटो उजेडाला धरतो. तेच मणके, त्याच चोची. तो काही बोलत नाही. रिपोर्ट देणं त्याचं काम नाही.

11.00
गुडघ्यांची रांग. चिठ्ठीवर फक्त 'गुडघा' असं असलं, तरी झिजेसाठी आलेल्याला तो उभं करतो. झोपवून काढला तर सांध्यातली जागा आहे त्यापेक्षा बरी दिसते. एका आजींना उभं राहवत नाही. पोरगा शिशाचा एप्रन चढवून त्यांना धरतो.

पुढची बाई तिशीतली, कंबरेच्या फोटोसाठी आलेली. टेबलावर घेण्याआधी तो विचारतो, "ताई, पाळी कधी आली होती?" ती नवऱ्याकडे बघते. दिवस राहिल्याची शंका असली तर फोटो होत नाही.

12.30
शेजारी एमआरआयची खोली. अहमदपूरचा टेम्पोवाला आलाय. त्याला लातूर आणि नांदेड जवळपास सारखीच लांब. नांदेडची गाडी आधी लागली, म्हणून इकडे. 4,500 भरले, त्यातले 2,000 उसने. करदोडा काढायला लावला, कानात कापूस घातला. वीसेक मिनिटं हलायचं नाही. चुंबक दिवसरात्र चालूच असतो. ठोकल्यासारखा आवाज सुरू होतो तेव्हा त्याची मूठ घंटीच्या फुग्यावर आवळली जाते.

2.00
डबा. ज्वारीची भाकरी, पिठलं. समोर रजिस्टर उघडं. नाव, वय, भाग, रक्कम आणि शेवटचा रकाना, 'पाठवणारे डॉक्टर'. महिनाअखेरीला मॅनेजर तेवढा रकाना वेगळ्या वहीत उतरवून घेतो.

3.30
एमआरआयच्या प्रतिमा लातूरच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे गेल्या आहेत. रिपोर्ट येतो. दोन गाद्या झिजलेल्या, एक फुगलेली, नस मोकळी. टेम्पोवाला विचारतो, "ऑपरेशन लागंल का?" टेक्निशियन फोन लावून देतो.

"वय किती? बेचाळीस? मग एवढं चालायचंच." मॅडम रोज हेच सांगतात. 2015 मध्ये एक मोठा आढावा छापून आला. कंबर न दुखणाऱ्या 3,110 जणांचे स्कॅन त्यात होते. विशीतल्या 37 टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीतल्या 96 टक्के. टेम्पोवाला ऐकून घेतो. "मग दुखतंय कशानं?" हे फिल्मवर उमटत नाही. दिवसाला किती तास गाडी चालवतो, किती पोती उचलतो, झोप लागते का, हे कोणीतरी बसून विचारावं लागतं.

5.10
पंचविशीतला मुलगा. तीन महिने पाठ दुखतेय, रात्री ताप येतो, पँट ढिली झालीय. आजवर गोळ्या आणि मलम. फोटोत पाठीचे दोन मणके कडेने खाल्लेले, मधली जागा नाहीशी. टेक्निशियन पैशाचं नंतर बघू म्हणतो आणि थेट मॅडमना फोन करतो. मणक्याच्या टीबीची शंका. त्याच संध्याकाळी मुलगा चिठ्ठी घेऊन विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण सरकारी रुग्णालयाकडे निघतो. टीबीची औषधं सरकारकडून फुकट मिळतात.

8.30
मशीन बंद. एप्रन घडी न घालता टांगायचा. घडी घातली की आतलं शिसं तडकतं. गल्ला मोजून होतो. मावशींच्या फोटोचं पाकीट अजून काउंटरवरच आहे. उद्या त्यांचा पोरगा येऊन नेणार, म्हणजे आणखी एक खाडा.

कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, पडून मार लागला असेल किंवा पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, तर एक दिवसही थांबू नका. यातलं काहीच नसेल आणि दुखणं जुनंच असेल, तर चिठ्ठी हातात घेण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: हा फोटो काढल्यावर माझ्या औषधात काय बदलणार? काही बदलणार नसेल, तर ते 600 रुपये पदरीच राहू द्या.