राजवाड्याच्या उपवनातील दर्याकाठचा खेळ

बडोद्याला समुद्र नाही. मगरींसाठी प्रसिद्ध असलेली विश्वामित्री आहे, भर वस्तीत सूरसागर आहे, शहराची तहान भागविण्यासाठी सयाजीराव महाराजांनी बांधविलेले आजव्याचे सरोवर आहे. परंतु खाऱ्या वाऱ्याचा आणि लाटांनी लोटलेल्या वाळूचा या नगरीशी कधी संबंध आला नाही. असे असूनही, ज्या खेळाची घडण सर्वस्वी सागरतीरावर झाली, तो गोल्फचा खेळ या शहराच्या मध्यभागी, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या विस्तीर्ण आवारात, गेली कित्येक दशके नांदत आला आहे. ‘गायकवाड बडोदा गोल्फ क्लब’ हे त्या मैदानावरील संस्थेचे नाव. त्या मैदानाची हकीकत नीट उमगावी म्हणून आधी या खेळाच्या मूळ पीठाकडे, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या लहानशा गावाकडे जाणे भाग आहे.

उत्तर समुद्राच्या काठी, भरतीची रेषा आणि नांगराखालची शेते यांच्या दरम्यान जो एक वालुकामय पट्टा पसरलेला असतो, तो शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ पडीक. समुद्र मागे हटला, त्याने टाकलेली वाळू वाऱ्याने उचलून उंचसखल टेकाडे रचली, त्या टेकाडांवर बारीक पात्याचे, चिवट आणि मुळाशी दाट असे गवत उगवले, मेंढ्यांनी व सशांनी ते कुरतडून कुरतडून गालिच्यासारखे आखूड केले, आणि बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जेथे अंग चोरले, तेथे गवत झिजून वाळूचे खळगे उघडे पडले. त्या खळग्यांनाच पुढे ‘बंकर’ ही संज्ञा मिळाली, आणि आज लक्षावधी रुपये खर्चून जगभरचे शिल्पज्ञ जे वाळूचे सापळे मैदानोमैदान खणवून घेतात, त्यांचे आद्य कर्तृत्व अशा रीतीने मेंढरांकडे जाते. पाऊस कितीही पडो, वाळूतून पाणी तत्काळ निथरते. म्हणून हिवाळ्यातही जमीन टणक राहते आणि चेंडू हवेत कमी व भुईवरून अधिक धावतो. झाडे नाहीत, कुंपणे नाहीत. अडथळा आहे तो वाऱ्याचा, आणि तो प्रहराप्रहराला दिशा बदलतो.

सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’चा कोणी एक निर्माता नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. खेळाडू गावापासून निघत, किनाऱ्याच्या कडेकडेने दूरच्या टोकापर्यंत जात, आणि त्याच वाटेने, तीच छिद्रे पुन्हा खेळत, माघारी येत. ही छिद्रे पूर्वी २२ मोजली जात; १७६४ मध्ये आरंभीच्या चार लहान टप्प्यांचे दोन केल्यामुळे जातायेता मिळून ती १८ झाली, आणि या स्थानिक सोयीला कालांतराने साऱ्या पृथ्वीवर शास्त्रवचनाची प्रतिष्ठा लाभली. पुढे गर्दी वाढली, जाणारे आणि येणारे एकमेकांच्या अंगावर येऊ लागले, तेव्हा छिद्रांभोवतीच्या हिरवळी रुंद करून एकेका हिरवळीवर दोन-दोन छिद्रे करण्यात आली. त्या जोडहिरवळींवर आजही अशा जोड्या जुळतात की दोन्ही क्रमांकांची बेरीज १८ यावी. दुसरे आणि सोळावे एकत्र, पाचवे आणि तेरावे एकत्र. १८६५ पासून जवळजवळ चार दशके या मैदानाची राखण करणारा वृद्ध टॉम मॉरिस हा सुताराचा व चेंडू बनविणाऱ्याचा हात असलेला गृहस्थ होता; हिरवळीवर वाळू शिंपडून गवत दाट करण्याचा त्याचा प्रघात आजही माळी पाळतात. छिद्राचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे सुमारे १०८ मिलिमीटर, असावा हा दंडकही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथल्याच ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबाने घालून दिला. १७५४ मध्ये २२ जणांनी मिळून स्थापन केलेल्या या मंडळीला ते भारदस्त नाव १८३४ मध्ये राजा चौथ्या विल्यमच्या कृपेने मिळाले.

परंतु क्लब राजमान्य झाला म्हणून जमीन क्लबाची झाली, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. सेंट अँड्र्यूजची खरी मौज मला वाटते ती त्या गावाच्या दफ्तरात आहे. १५५२ मध्ये तेथील आर्चबिशप हॅमिल्टन याने दिलेल्या सनदेत, त्या वाळवंटात ससे पाळण्याची मुभा आपल्याकडे घेताना, गावकऱ्यांची तेथे खेळण्याची पूर्वापार वहिवाट मान्य केलेली आहे. धोबिणींनी तेथे कपडे वाळवावेत, गुराख्यांनी गुरे चारावीत आणि रिकामटेकड्यांनी चेंडू टोलवावेत, असा तो सर्वांचा गायरानवजा मुलूख. १७९७ मध्ये नगरपालिकेचे दिवाळे वाजले आणि ही जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घशात गेली. सशांनी मैदान पोखरले, खेळाडू संतापले, कज्जे-खटले झाले, आणि हा तंटा सुमारे दोन तपे चालून १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती मिळकत विकत घेतली, तेव्हा कोठे खेळ वाचला. अखेर १८९४ मध्ये पार्लमेंटचा कायदा करवून नगराने ती पुनश्च आपल्या ताब्यात आणली, आणि १९७४ पासून तिचा कारभार एका सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे आहे. आजही मोठ्या स्पर्धा वगळता रविवारी तेथे खेळ बंद असतो आणि गावचे लोक मुलांना व कुत्र्यांना घेऊन त्या जगप्रसिद्ध हिरवळींच्या मधून हिंडतात.

हिंदुस्थानात हा खेळ आला तो मात्र या गावकीच्या अंगाने आला नाही. तो साहेबाच्या सामानातून आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना; मुंबईचा १८४२ चा. छावणी, जिमखाना आणि रेसिडेन्सी ही त्याची वसतिस्थाने. जेथे गवत तगत नसे तेथे हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूची तपकिरी चकती करून तिच्यावर काम भागविले जाई. संस्थानिकांच्या राजधान्यांत तो पाहुणचाराचा एक भाग म्हणून शिरला.

बडोद्याची क्रीडापरंपरा याहून अगदी निराळी. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत हत्तींची साठमारी पाहावयास पाणीगेटाकडील अगडावर, म्हणजे झुंजीच्या रिंगणाशी, सारे शहर लोटत असे. कुस्तीला गायकवाडांचा आश्रय इतका की गामा पहिलवानाने उचलल्याचे सांगितले जाते तो प्रचंड दगड आजही सयाजीबागेतील संग्रहालयात ठेवलेला आहे. दांडिया बाजारात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादांच्या नावाने चालविलेली व्यायामशाळा, आणि याच शहरातून आबासाहेब मुजुमदारांनी खंडाखंडांनी प्रसिद्ध केलेला मराठी व्यायामज्ञानकोश, यांची नावे महाराष्ट्रात तरी नव्याने सांगावयास नकोत. क्रिकेटचे तर विचारूच नये: १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांच्या संघाविरुद्ध चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा केल्या, त्या बडोद्यातच. अशा मल्लांच्या आणि फलंदाजांच्या गावात, चार पावले चालून एक टोला मारावयाचा आणि पुन्हा चार पावले चालावयाचे, या संथ परदेशी विरंगुळ्याला जागा मिळाली, ती केवळ जागा मुबलक होती म्हणून.

ती जागा कशी होती, हे जरा विस्ताराने पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीविलासाचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांच्या हातचा, तेच हे स्थपती. १८८१ मध्ये मँट अकाली निवर्तले आणि मद्रासहून आलेल्या रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेऊन १८९० मध्ये वाडा पुरा केला. बडोदा कॉलेजाचा भव्य घुमट ज्यांनी उभारला तेही चिझमच. घुमट, छत्र्या, झरोके, कमानी आणि या सर्वांच्या वर उठलेला उंच मनोरा असे त्या इमारतीचे बहुरूपी शिल्प आहे. व्हेनिसच्या फेलिची याचे पुतळे आणि रविवर्म्याची चित्रे यांचा साज तिच्यावर चढला. परंतु इमारतीइतकाच विचार तिच्या भोवतालच्या जमिनीचा झाला होता, आणि त्यासाठी लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात तयार झालेले विल्यम गोल्डरिंग यांची योजना झाली होती. आपल्याकडचा राजबाग म्हणजे चौरस वाफे, सरळ पाटाचे पाणी आणि कारंजी. इंग्रजी पद्धतीच्या उपवनाचा संकेत अगदी उलट आहे. तेथे हिरवळ थेट वाड्याच्या पायथ्याशी येऊन भिडली पाहिजे, झाडे रांगेत नव्हे तर झुबक्याझुबक्यांनी उभी राहिली पाहिजेत, रस्त्याने वळणे घेत जावे आणि दर वळणाला वाडा नव्या कोनातून दिसावा. आणि हे सारे निसर्गाने आपखुशीने केले असे भासले पाहिजे. चरणाऱ्या मेंढ्यांनी राखलेले कुरण हाच या शैलीचा आदर्श. म्हणजे ज्या प्राण्याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गोल्फचे मैदान घडविले, त्याच प्राण्याच्या चरणीवरून इंग्लंडच्या उमरावांनी आपल्या बागेचे सौंदर्यशास्त्र बेतले होते. म्हणून माझे मत असे की, बडोद्याच्या आवारात पहिले छिद्र पडण्याच्या कितीतरी आधी तेथे गोल्फचे अर्धे मैदान तयारच होते.

उरलेले अर्धे प्रतापसिंहराव गायकवाडांनी केले. १९३० नंतरच्या दशकात, आपल्या युरोपियन पाहुण्यांच्या सोयीसाठी, त्यांनी हे मैदान आखविले. त्या दशकाचा बहुतेक काळ गादीवर त्यांचे आजोबा, तिसरे सयाजीराव होते. ते ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले आणि नातू गादीवर आला. आवारात त्या वेळी केवळ वाडा नव्हता: राजपुत्रांची शाळा होती, जी आता महाराजा फतेहसिंह संग्रहालय म्हणून ओळखली जाते, राजघराण्यातील मुलांसाठी धावणारी लहानशी आगगाडी होती, मोतीबागेचे क्रिकेटचे मैदान होते, आणि या सर्वांहून सुमारे पाच शतकांनी वडील अशी, इसवी सन १४०५ चा शिलालेख बाळगणारी नवलखी वाव होती. इतक्या निरनिराळ्या वयाच्या वस्तूंमधून मार्ग काढीत गोल्फची आखणी झाली.

समुद्रकाठच्या मैदानाशी ताडून पाहिले म्हणजे या आखणीचे मर्म कळते. तेथे वारा जे काम करतो, ते येथे वृक्षांना करावे लागते. किनाऱ्यावर वाट रुंद असते, आणि चेंडू कोठे टाकावा हे वाऱ्याचा रोख पाहून खेळाडूने ठरवावयाचे असते. उपवनात वाटेला दोन्ही बाजूंनी झाडी असते, चुकलेला चेंडू बुंध्यावर आदळतो किंवा पाचोळ्यात हरवतो, आणि फांदीखालून वाट काढणे ही एक स्वतंत्र विद्या होऊन बसते. ओल्ड कोर्सवरून परतताना खेळाडू गावातील चर्चच्या कळसावर नेम धरतात. बडोद्यात ते काम राजवाड्याचा मनोरा करतो.

जमीन मात्र कोणाच्या संकेताला जुमानीत नाही. गुजरातच्या या भागातील चिकट माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात, पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की भेगाळते. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेले आठ महिने गवत पावसावाचून जगवावे लागते. स्कॉटलंडचे थंड हवेचे गवत येथे एक उन्हाळाही काढणार नाही. म्हणून उष्ण प्रदेशांतील मैदानांवर जे ‘बर्म्युडा’ नावाचे गवत लावतात, ते दुसरे तिसरे काही नसून, आपल्या शेतकऱ्याला नकोशी झालेली हरळी, म्हणजेच गणपतीच्या मस्तकावर वाहिली जाणारी दूर्वा आहे. तिच्याच निवडक, बुटक्या जातींच्या हिरवळी करतात. चिकणमातीवर हिरवळ टिकवावयाची तर खाली खडीचा थर, त्यावर हातभर वाळूप्रधान मातीचा थर आणि सर्वांत वर गवत, अशी कृत्रिम बैठक रचणे ही आधुनिक रीत. थोडक्यात, समुद्राने जे फुकट दिले ते येथे ट्रकांनी आणावे लागते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९७१ मध्ये तनखेही गेले, आणि शेकडो एकरांचे आवार केवळ खासगीच्या खर्चाने राखणे हा प्रश्न प्रत्येक राजघराण्यापुढे उभा राहिला. कित्येकांनी वाडे विकले, कित्येकांची हॉटेले झाली, कित्येक बागांवर चाळी आणि बाजार उठले. बडोद्यात १९९० नंतरच्या दशकात प्रतापसिंहरावांचे नातू समरजितसिंह, जे स्वतः बडोद्याकडून रणजी करंडकाचे सामने खेळलेले आहेत, त्यांनी आजोबांच्या त्या जुन्या मैदानाचा जीर्णोद्धार केला आणि ते जनतेस खुले केले. पाहुण्यांच्या करमणुकीची जागा अशा प्रकारे क्लब झाली.

आता हा खेळ मूठभरांचा आहे, त्याची वर्गणी आणि साहित्य सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडचे आहे, पाण्याला मोताद प्रदेशात गवतावर पाणी ओतणे हा चैनीचा प्रकार आहे, ही टीका होते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. सेंट अँड्र्यूजमध्ये गावकीच्या जमिनीवर उमराव खेळावयास आले. बडोद्यात उमरावाच्या जमिनीवर गावकरी, तेही थोडेसेच, खेळावयास गेले. पहिल्या ठिकाणी वहिवाट चार शतकांहून जुनी आहे, दुसऱ्या ठिकाणी ती मालकाच्या मर्जीची आहे; हा भेद लहान नव्हे. तथापि भोवताली शहर ज्या वेगाने दाटत गेले तो पाहता, त्याच्या ऐन मध्यावर इतकी अखंड हिरवी जमीन आणि इतके जुने वृक्ष शिल्लक राहिले, याचे बरेचसे श्रेय, आवडो वा न आवडो, या परक्या खेळाला द्यावे लागते. जगातील थोर मैदानांत बडोद्याची गणना कोणी करीत नाही, आणि करावी असा आग्रहही नाही. पण राजवाडा पाहावयास जाणाऱ्या वाचकाने दरबार हॉलची रंगीत काचकामे पाहून झाल्यावर लगेच गाडीकडे न वळता, गोल्डरिंगने आखलेल्या त्या जमिनीलाही, वाड्याला दिला तितका नाही तरी निदान अर्धा तास द्यावा.