वरचे पान काढायचे, खालची पाने राखायची

कॉलेजच्या वेबसाइटची साफसफाई बहुधा नवे सत्र सुरू होण्याच्या तोंडावर निघते. जुना अभ्यासक्रम, जुने सेमिस्टर, "हे पान आता कशाला ठेवायचे?" असे म्हणत कोणीतरी डिलीट दाबते. पान तसे रिकामेच दिसत असते : एक शीर्षक, दोन ओळी, चार लिंक. पण त्याच्याखाली विषयवार नोट्स, प्रयोगांच्या याद्या, जुन्या प्रश्नपत्रिका लावलेल्या असतात. त्या जातात की राहतात, आणि राहिल्या तर कोणत्या पत्त्यावर, हे डिलीट दाबण्याआधी कळायला हवे. या टिपणात आपण तेवढेच पाहणार आहोत. 'ट्री' हा धडा झालेला असेल तर उत्तम, नसेल तरी अडणार नाही.

पत्ता वेगळा, घर वेगळे

आमच्या भिलाईच्या टाउनशिपमध्ये पत्ता सांगतात तो आधी सेक्टर, मग सडक, मग क्वार्टर नंबर असा. सडकेची पाटी काढली तर क्वार्टर पडत नाही. फक्त पोस्टमनला ते सापडत नाही. सडकेवर बुलडोझर फिरवणे ही वेगळी गोष्ट. वेबसाइटवर मात्र या दोन्ही कामांसाठी बटण एकच असते, 'डिलीट'. त्याने पाटी निघेल की बुलडोझर फिरेल, हे त्या सॉफ्टवेअरवर ठरते.

वर्डप्रेसमध्ये वरचे पान (पॅरेंट) आणि उपपान (चाइल्ड) एकाच टेबलात, शेजारशेजारच्या ओळींसारखे साठवलेले असतात. वरच्या पानाच्या आत काहीही ठेवलेले नसते. प्रत्येक उपपानाच्या ओळीत 'पोस्ट पेरेंट' नावाचा एक रकाना असतो आणि त्यात वरच्या पानाचा क्रमांक असतो. म्हणजे मुलाला आई ठाऊक असते, आईकडे मुलांची यादी नसते. फोल्डरचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून विचार केला की इथेच गल्लत होते.

आता वरची ओळ काढली तर खालच्या ओळींचे काय करायचे? डेटाबेसच्या पेपरात याची उत्तरे तुम्ही पाठ केलेली असतात : कॅस्केड म्हणजे खालचेही काढा, रिस्ट्रिक्ट म्हणजे खाली काही असेल तर काढूच देऊ नका, सेट नल म्हणजे खालच्यांना बिनपालकाचे करा. याशिवाय चौथी एक रीत आहे, ती पुस्तकात क्वचितच दिलेली असते पण वेबसाइटवर नेहमी भेटते : खालच्यांना आजीच्या हवाली करा.

वर्डप्रेस ही चौथी रीत वापरते, पण दोन टप्प्यांत. पहिल्यांदा पान ट्रॅशमध्ये जाते आणि सेटिंग बदललेले नसेल तर ३० दिवस तिथे राहते. या काळात उपपाने अजून त्याच पानाची मुले असतात, मात्र ट्रॅशमधल्या पानाच्या स्लगला 'ट्रॅश्ड' असे शेपूट लागते आणि ते उपपानांच्या पत्त्यातही डोकावते. पान कायमचे काढले की उपपाने एक पायरी वर सरकतात. 'संगणक/सेमिस्टर-३/डेटा-स्ट्रक्चर' मधले मधले पान गेले की उरते 'संगणक/डेटा-स्ट्रक्चर'. मजकूर शाबूत, अपलोड केलेल्या पीडीएफही शाबूत, पण विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारी जुनी लिंक मेली.

यात आणखी एक खोच आहे. 'सेमिस्टर-३' आणि 'सेमिस्टर-४' या दोन्ही पानांखाली 'प्रश्नपत्रिका' नावाचे उपपान आहे आणि तुम्ही दोन्ही सेमिस्टरची पाने काढली, तर दोन 'प्रश्नपत्रिका' एकाच पालकाखाली, एकाच पत्त्यावर येऊन बसतात. एक उघडते, दुसरे डेटाबेसमध्ये असूनही कोणाला दिसत नाही. शिवाय कोणते पान मूळचे कोणाखाली होते ही माहिती पुसली गेलेली असते, कारण त्या रकान्यात आता नवा क्रमांक आहे. बॅकअपशिवाय ती परत मिळत नाही.

इतर ठिकाणी चालरीत वेगळी. मूडलमध्ये कोर्सची कॅटेगरी काढायला गेलात की ते विचारते, आतले सगळे काढू की दुसऱ्या कॅटेगरीत हलवू? हा प्रश्न वाचूनच पुढे जा. कोर्समधला एखादा विभाग काढला तर मात्र त्यातल्या असाइनमेंट आणि क्विझ सोबत जातात. रिसायकल बिन चालू असेल तर ठरलेल्या मुदतीपर्यंतच परत मिळतात. जूमलात कॅटेगरीत लेख असतील तर ती काढता येत नाही. मीडियाविकीत नात्याचा रकानाच नाही. पानाच्या नावातली तिरकी रेघ हेच नाते. मराठी विकिस्रोतावर मोठ्या ग्रंथाचे प्रकरण 'ग्रंथाचे नाव/प्रकरण' असे लावतात. तिथे मुख्य पान वगळले तरी प्रकरणे जागची हलत नाहीत, पण अनुक्रमणिका गेल्यामुळे वाचकाला तिथवर पोचायची वाट उरत नाही. आणि गूगल ड्राइव्हचा फोल्डर काढला की आतलेही सारे ट्रॅशमध्ये जाते, ३० दिवसांसाठी. लिनक्समध्ये 'आरएमडीआयआर' ही आज्ञा फक्त रिकामा फोल्डर काढते. 'आरएम'ला 'आर' हा पर्याय जोडला की ती काही न पाहता सगळे काढते. माझ्या मते नवशिक्याला पहिलीच शिकवावी.

काढण्याआधी हलवा

जानेवारी २०१२ मध्ये दुर्ग जिल्ह्यातून बेमेतरा आणि बालोद हे दोन नवे जिल्हे झाले. तिथल्या तहसिली, गावे, जमिनीची कागदपत्रे राहिली. वरचा जिल्हा बदलला. २००५ मध्ये स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ सुरू झाल्यावर छत्तीसगढच्या अभियांत्रिकी कॉलेजांचे पालकही असेच बदलले. आधी नवा पालक, मग खालच्यांची नोंद त्याच्याकडे, आणि जुने दार शेवटी बंद. पानांचाही हाच क्रम ठेवा.

प्रथम उपपानांची यादी करा, आणि ती साइटच्या मेन्यूवरून करू नका. मेन्यूतली उतरंड आणि पानांची उतरंड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मेन्यूत खाली दिसणारे पान उपपान असेलच असे नाही आणि कित्येक उपपाने मेन्यूत नसतातच. अॅडमिनमधील पानांची यादी उघडा. तिथे मसुदे आणि खाजगी पानेही दिसतात. एक पायरी पाहून थांबू नका. उपपानांचीही उपपाने असतात. शीर्षक, पत्ता, पालक असे तीन रकाने एका तक्त्यात उतरवून घ्या.

मग बॅकअप. वर्डप्रेसच्या 'एक्सपोर्ट'मधून निघणाऱ्या फाइलमध्ये मजकूर असतो, पण चित्रे आणि पीडीएफ स्वतः नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. म्हणून डेटाबेस आणि अपलोडचा फोल्डर दोन्ही उतरवून घ्या.

यानंतर उपपाने निवडून 'बल्क एडिट'मध्ये त्यांना नवा पालक द्या. थेट खालच्याच पायरीची पाने हलवायची. नातवंडे आपल्या आईबरोबर येतात. पत्ते बदलले, म्हणून जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ क्रमांकाचे कायमचे रीडायरेक्ट लावा. वर्डप्रेस 'पोस्ट'चा बदललेला स्लग आपोआप लक्षात ठेवते, पण 'पेज'साठी ती सोय नाही, हे फार जणांना ठाऊक नसते. काढलेल्या पानाला पर्यायच नसेल तर ४१० हे उत्तर द्यावे, म्हणजे 'होते, आता नाही'. सगळे पत्ते होमपेजकडे वळवायची सवय वाईट. नोट्स शोधत आलेल्या मुलाला प्राचार्यांचे स्वागतपर भाषण वाचायचे नसते.

शेवटी रिकामे झालेले पान ट्रॅशमध्ये टाका, पण ट्रॅश लगेच रिकामे करू नका.

हा खटाटोप केवळ टापटिपीसाठी नाही. एआयसीटीईची अनिवार्य माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते आणि नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालात पुरावा म्हणून वेबपानांच्या लिंक द्याव्या लागतात. अहवाल गेल्यावर कोणी मधले पान काढले, तर तपासणाऱ्यासमोर '४०४' येतो. कागद कपाटात आहे म्हणून तिथे भागत नाही.

सगळेच काढायचे असेल तर

तेव्हा क्रम उलटा. बायनरी ट्रीची मेमरी मोकळी करताना आधी रूटला 'फ्री' केले तर डाव्या-उजव्या मुलांचे पत्ते हातातून जातात आणि ती मेमरी अडकून पडते. म्हणून पोस्टऑर्डर : आधी मुले, मग पालक. पानांच्या बाबतीतही पानगळ खालून सुरू करा. वरून सुरू केली तर वर्डप्रेस प्रत्येक वेळी उरलेल्यांना वर ढकलत राहील आणि मुख्य पातळीवर बेवारस पानांची गर्दी होईल.

सरावासाठी : 'विभाग' या पानाखाली 'सेमिस्टर-३' व 'सेमिस्टर-४', दोघांखाली प्रत्येकी 'नोट्स' व 'प्रश्नपत्रिका', आणि दोन्ही 'नोट्स'खाली 'युनिट-१' ते 'युनिट-५'. वर्डप्रेसमध्ये फक्त दोन्ही सेमिस्टरची पाने कायमची काढली. उरलेल्या प्रत्येक पानाचा नवा पत्ता लिहा. एकूण किती पाने उरली, वेगळे पत्ते किती, आणि किती पाने झाकली गेली?