उपचारानंतरचे घर

व्यसन सुटणे आणि ते सुटलेले राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. शासनाच्या अंदाजपत्रकाला मात्र ते अद्याप उमगलेले दिसत नाही. पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू झाले, त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी केंद्रे निघाली. महिना-सव्वा महिना तेथे राहून माणूस शुद्धीवर येतो आणि जेथून आला तेथेच परत जातो. तीच गल्ली, तेच मित्र, कोपऱ्यावरचे तेच दुकान. उपचारांवर झालेला खर्च पहिल्या काही आठवड्यांतच मातीमोल होण्याचा धोका येथे असतो.

अमेरिकेत या मधल्या काळासाठी निर्व्यसनी घरांची एक पद्धत रूढ झाली आहे. तिचे सर्वांत अभ्यसनीय उदाहरण म्हणजे ‘ऑक्सफर्ड हाउस’. १९७५ साली मेरिलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे एक सरकारी पुनर्वसनगृह पैशाअभावी बंद होणार होते. पॉल मॉलॉय व त्यांच्या सहनिवाशांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले आणि पगारी व्यवस्थापकाशिवाय चालविले. नियम मोजकेच ठेवले : घराचा कारभार मतदानाने चालेल, खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा, आणि जो पुन्हा व्यसनाकडे वळेल त्याने घर सोडायचे. राहण्याला कालमर्यादा नाही. पदाधिकाऱ्यांना मात्र सहा महिन्यांची आहे. आज अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत.

हे केवळ सदिच्छेचे यश नव्हे. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील लेनर्ड जेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपविलेल्या १५० स्त्रीपुरुषांची यदृच्छया विभागणी केली. निम्म्यांना अशा घरांत पाठविले, उरलेल्यांना नेहमीच्या पाठपुराव्यावर सोपविले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर घरांत गेलेल्या गटात व्यसन करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ६५ टक्के होते. पहिल्या गटाचे सरासरी मासिक उत्पन्न ९८९ डॉलर, दुसऱ्याचे ४४० डॉलर. भाड्याचा वाटा दरमहा भरावाच लागतो, त्यामुळे काम शोधावेच लागते. आणि भाडे थकविणाऱ्याला जाब विचारणारा अधिकारी नसून शेजारच्या खोलीतला, त्याच वाटेने आलेला माणूस असतो. येथे उपदेशापेक्षा हिशेबाची वही अधिक काम करीत असावी.

मात्र घर सोडायला लावण्याचा नियम कठोर आहे, हे मान्य केले पाहिजे. घसरलेल्या माणसाला त्याच रात्री बाहेर काढल्याने उरलेले वाचतात. पण तो जातो कोठे? जवळच्या केंद्रात त्याच्यासाठी एक खाट राखून ठेवलेली नसेल, तर या नियमाचा अर्थ पदपथ एवढाच उरतो.

याच कल्पनेची विटंबनाही अमेरिकेतच झाली. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानंतर व्यसनोपचारांना विम्याचे संरक्षण व्यापक प्रमाणात मिळाले, आणि फ्लॉरिडात दलालांचा सुळसुळाट झाला. उपचारकेंद्राकडून दलाली घेऊन घरमालक तरुणांना फुकट राहू देत. केंद्र त्यांच्या लघवीच्या तपासण्यांची अवाढव्य बिले विमा कंपनीला लावी. मुलगा घसरला की उपचार नव्याने सुरू, बिलेही नव्याने. ॲरिझोनात आदिवासींसाठीच्या सरकारी योजनेवर असाच दरोडा पडल्याचे २०२३ साली राज्य सरकारने जाहीर केले. नवाहो वस्त्यांतून माणसे गाड्यांत भरून फीनिक्सला आणलेली. देयके थांबताच त्यांतील अनेक परक्या शहराच्या रस्त्यावर आली. दरडोई पैसे मिळतात तेथे बरा झालेला माणूस हे गेलेले गिऱ्हाईक ठरते. अनुदानित वसतिगृहांच्या हजेरीपटांची कीर्ती ज्यांच्या कानी आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे कुटुंब आहे, मग वेगळे घर कशाला, असा आक्षेप येतो. परंतु त्या कुटुंबाची अवस्था पाहावी. उपचारांहून परतलेल्या नवऱ्याला यायला अर्धा तास उशीर झाला की बायकोचा जीव उडतो. ती त्याचा श्वास हुंगते, खिसे तपासते. तिला पहारेकरी व्हावे लागते, त्याला संशयित. दागिने गहाण पडलेले, मुले बापाशी बोलत नाहीत. सहा-आठ महिने त्याने अन्यत्र राहून कमवावे आणि पैसे घरी पाठवावेत, यात कुटुंब मोडण्यापेक्षा सावरण्याचीच शक्यता अधिक. शिवाय स्त्री व्यसनी असेल तर तिला परत घेणारे घर असतेच असे नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनाशी निगडित विकारांनाही आपल्या कक्षेत घेतले असून, हाफ-वे होम व आधारित निवासाची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्यासाठी भव्य इमारती नकोत. अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला एक लाख डॉलरचा फिरता निधी ठेवायला लावला होता. सहा किंवा अधिक जणांच्या गटाला त्यातून चार हजार डॉलरपर्यंत कर्ज मिळे व ते दोन वर्षांत हप्त्यांनी फेडायचे असे. पुढे ही सक्ती उरली नाही, पण कल्पना साधी होती : अनामत आणि पहिले भाडे. ते फिटले की तोच पैसा दुसऱ्या घराला. महाराष्ट्रात मद्यपानाला कायद्याने परवाना लागतो आणि मद्यावरील शुल्क तिजोरीचा भक्कम आधार आहे, ही विसंगती जुनीच. त्या शुल्कातील अल्पसा अंश अशा निधीला द्यायला हरकत नसावी. दरडोई अनुदान मात्र कोणत्याही घराला देऊ नये.

खरी अडचण पैशाच्या अलीकडची आहे. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने, नात्याचे नसलेले पाचांहून अधिक लोक एका कुटुंबाच्या घरात राहू शकत नाहीत, या नियमावर बोट ठेवून ऑक्सफर्ड हाउसला विरोध केला होता. असा नियम भेदभावविरोधी गृहनिवास कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही, असा निर्णय १९९५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. आपल्याकडे एकट्या अविवाहित नोकरदारालाही सदनिका देताना सोसायट्या नाक मुरडतात. दारू सोडलेल्या आठ जणांना तेथे कोण उभे करणार? सहकार खात्याने आदर्श उपविधींतच याची तजवीज केली नाही, तर निधी उभा राहूनही पहिले घर भाडेकरारापाशीच अडेल.